टीचरचं शेवटचं प्रकरण

माझी नोकरी काम बिघडलं म्हणून कधी गेली नाही. काम पुरं झालं म्हणून गेली.

घाटकोपरला एका घरी बाळ सांभाळायला होते. बाळ मोठं झालं, पाठीला दप्तर लावून शाळेत गेलं, आणि घरच्यांनी साडी देऊन मला निरोप दिला. मग मुलुंडला एका आजींचं अंथरुणातलं सगळं करत होते. इतकी मन लावून सेवा केली की आजी सुखाने गेल्या. तेराव्याचे उरलेले लाडू सुनेने डब्यात भरून दिले. ती रडत होती, मीही रडत होते. रडून झाल्यावर ती आपल्या खोलीत गेली आणि मी पिशवी घेऊन जिन्यात उभी राहिले. तेव्हापासून कुठलंही काम संपत आलं की माझ्या पोटात गोळा येतो. पातेलं घासून झालं तरी लगेच पालथं घालवत नाही.

त्यामुळे अंधेरीच्या गावठणात टीचरकडे कामाला आले तेव्हा त्यांच्या मुलीला मी पहिलं हेच विचारलं, "ताई, हे काम संपणार कधी?"

त्यांना वाटलं मला जायची घाई आहे. म्हणाल्या, "काळजी करू नका, फार दिवस नाही. आईचं एक पुस्तक चालू आहे. ती लिहायला बसली की गॅसवर दूध आहे हे विसरते, म्हणून कुणीतरी हवं. पुस्तक झालं की मी तिला बोरिवलीला माझ्याकडे नेणार. घर भाड्याने देऊ. हो ना आई?"

आतून आवाज आला, "ठरलंय गो, ठरलंय."

खाली ठेवलेली पिशवी मी परत हातात घेतली.

टीचर म्हणजे कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेल्या बाई. गावठणातलं जुनं ख्रिस्ती घर. गल्लीच्या तोंडाशी दगडी क्रूस, घरात आल्टर म्हणजे त्यांच्या देव्हाऱ्यापाशी नवऱ्याचा फोटो, आणि बाकी जिथे बघाल तिथे पुस्तकं. कॉलेजात त्या मॅडम होत्या, पण गावठणात लहानथोर सगळे टीचरच म्हणायचे, म्हणून मीही. घरच्यांशी त्या आपल्या गावठणी बोलीत बोलायच्या, माझ्याशी पुस्तकी मराठीत, आणि रागावल्या की दोन्हींत. आमच्या सिंधुदुर्गात "गो" म्हणतात तसंच त्याही "गो" म्हणायच्या. पहिल्या दिवशी "ये गो" म्हणाल्या तेव्हा मला एवढं भरून आलं की मी चप्पल घालूनच आत गेले.

त्यांचं पुस्तक एका भयकथा लिहिणाऱ्या माणसावर होतं. तो कधीच वारला. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होता, आणि घरी येऊन मासिकांसाठी भुतांच्या गोष्टी लिहायचा. टीचरचं म्हणणं असं की मराठीत त्याच्यानंतर जो कोणी कुणाला घाबरवायला बसला, तो याच्याच घरातली काही ना काही वस्तू उचलून घेऊन गेला. कुणी जिना नेला, कुणी कडी.

"आता मोबाइलवर ज्या मालिका येतात ना, त्यातलं निम्मं भूत याचंच आहे," त्या म्हणायच्या. "फक्त याचं भूत आधी दार वाजवायचं. आताचं थेट अंगावर येतं. शिष्टाचार म्हणून राहिला नाही."

माणसाचं आयुष्य, त्याच्या गोष्टीतली घरं, त्याच्यानंतरचे लेखक, ही प्रकरणं लिहून झाली होती. राहिलं होतं शेवटचं. ऐकणाऱ्यावर काय परिणाम होतो ते. त्यासाठी त्यांना माणूस हवं होतं.

"समीक्षक घाबरत नाहीत," टीचर म्हणाल्या. "घाबरले तरी खाली तळटीप देतात. मला न वाचलेलं माणूस पाहिजे. तू कितवी?"

"सातवी. पण पास."

"याची एकही गोष्ट वाचलेली नाहीस?"

"कुणाचीच नाही."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसा बाजारात ताजा हलवा मासा दिसावा.

मग रोज जेवणं झाल्यावर वाचन सुरू झालं. दिवस उन्हाळ्याचे. या लोकांकडे वर्षाचा मसाला भाजून कुटून काळ्या बिअरच्या बाटल्यांत ठासून भरतात. मी स्वयंपाकघरात खाली बसून बाटल्या भरायची, टीचर खुर्चीवर बसून वाचायच्या आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघायच्या. माझ्या डोळ्याला धार लागली की पेन्सिल उचलायच्या.

"टीचर, मसाला आहे हो."

"गप्प. तो मसाला आहे की भीती, ते मी ठरवते."

पहिली गोष्ट अशी होती. एक एकटा माणूस भाड्याने खोली घेतो. रोज दुपारी त्याला आतून भांडी घासल्याचा आवाज येतो. जाऊन बघतो तर कुणी नाही, पण भांडी लख्ख.

टीचर थांबल्या. "काय वाटलं?"

"चांगलंय की. भाडं किती होतं?"

"घाबरली नाहीस?"

"फुकट भांडी घासून मिळतायत, घाबरायचं कशाला? ती बाई सोडून जाईल याची भीती."

आता माझाही इलाज नव्हता. ज्या गावात मी वाढले तिथे भुताला कुणी घाबरत नाही, त्याचं देणं चुकलं तर घाबरतात. आमच्या वेशीवर देवचार आहे, गावाचा राखणदार. त्याला नारळ, विडी, वर्षाला वहाणा. दिल्या की तो आपल्या वाटेने, आपण आपल्या. काही अडलं तर गाऱ्हाणं घालायचं. माझा बाप गावचं गाऱ्हाणं घालायचा. देवळापुढे उभा राहून देवाला मोठ्याने सगळं सांगायचा, कुणाची म्हैस आटली, कुणाचं लग्न जमत नाही, आणि प्रत्येक वाक्याला मागची माणसं "व्हय म्हाराजा" म्हणायची. एवढी सोय असलेल्या माणसाला कारकुनाचं भूत काय करणार?

पण टीचर गोष्ट शेवटाला न्यायच्या, आवाज उतरवून शेवटचं वाक्य वाचायच्या, आणि पुस्तक मिटून म्हणायच्या, "संपली." त्या एका शब्दाला माझा चेहरा खाली यायचा. कारण पुस्तकात डाव्या हाताकडची पानं वाढत होती आणि उजव्या हाताकडची कमी होत होती. ती सगळी डावीकडे गेली की शेवटचं प्रकरण झालं, प्रकरण झालं की पुस्तक झालं, पुस्तक झालं की बोरिवली. आणि मी परत कुठल्यातरी जिन्यात.

टीचरना यातलं काय दिसणार! त्या खूश.

"बघ, बघ. मधे ढिम्म असतेस आणि शेवटाला पांढरीफटक पडतेस. इतकी वर्षं मी म्हणतेय, या माणसाची सगळी ताकद शेवटात आहे. कुणी ऐकलं नाही."

"टीचर, ती जिन्याची परत एकदा वाचा ना," मी म्हणायची. तेवढाच दिवस वाढला.

"पुन्हा ऐकावीशी वाटते?" पेन्सिल चालू. मी जेवढा वेळ काढू बघायची, तेवढं त्यांचं प्रकरण भरभर पुढे जायचं.

सांगून टाकावं असं रोज वाटायचं. पण सांगू कसं? त्या बाईंनी मला खिडकीजवळची खाट दिली होती. माशाचा मधला तुकडा माझ्या ताटात टाकायच्या आणि स्वतः डोकं चोखत बसायच्या, वर म्हणायच्या, "डोकेवाल्याने डोकं खावं." अशा माणसाला, तुमचं पुस्तक होऊ नये असं मला वाटतं, हे सांगायला तोंड कुठून आणू? खरं तर तसंही वाटत नव्हतं. पुस्तक व्हावं म्हणून मी त्यांना वेळेवर चहा देत होते, आणि होऊ नये म्हणून चहाबरोबर गप्पा काढत होते. माझा एक हात ढकलत होता, दुसरा ओढत होता.

शेवटी गोष्टी संपल्या. प्रकरणही झालं. विलेपार्ल्याच्या एका कॉलेजात भयकथांवर चर्चासत्र होतं, तिथे टीचर ते वाचणार होत्या. अध्यक्ष म्हणून त्यांचेच एक जुने सहकारी होते. हे सर एकदा घरी येऊन गेले होते. बिस्किट बुडवता बुडवता म्हणाले, "तुमच्यासारख्या विदुषीने भुताखेतांवर एवढी वर्षं घालवावीत?"

"तुम्ही नाही का नवरा-बायकोंच्या कादंबऱ्यांवर घालवलीत," टीचर म्हणाल्या. "माझी भुतं निदान दुसऱ्या प्रकरणात तरी उठतात."

सरांचं बिस्किट चहात पडलं.

चर्चासत्राच्या आदल्या दिवशी टीचर म्हणाल्या, "तूही चल. चांगली साडी नेस."

"मी काय करू तिथे?"

"काही नाही. बसायचं."

मुलीचा फोन आला. फोन स्पीकरवर होता. "मग आई, उद्या पार्ले, आणि रविवारी मोठाच टेम्पो सांगू?"

"सांग बाई, सांग."

मी मसाल्याच्या बाटल्या पुसत होते. एकच बाटली किती वेळ पुसली कोण जाणे.

पार्ल्याचा हॉल थंडगार. खुर्च्यांवर पोरं-पोरी, पुढच्या रांगेत पिकलेली माणसं, मागे चहाच्या टेबलाशी कँटीनवाला. टीचरनी प्रकरण वाचलं. मला त्यातलं बरंच कळलं नाही, पण मी त्यात होते. "एक अल्पशिक्षित श्रोती" असं माझं नाव होतं. श्रोती मधे स्थिर राहते, श्रोती शेवटाला विवर्ण होते, आणि म्हणून या लेखकाच्या भयाचं केंद्र शेवटात आहे. लोक टाळ्या वाजवत होते. टीचरचा चेहरा नवऱ्या मुलीसारखा फुलला होता.

मग सर उठले. गोड हसले. "फारच रोचक. पण मॅडम, ती श्रोती इथे आलीये असं कळतं. तिलाच विचारू या का? म्हणजे तुमचं म्हणणं पक्कंच होईल."

टीचर म्हणाल्या, "अवश्य." आणि माझ्याकडे बघून मान हलवली. एवढा विश्वास होता.

कुणीतरी मला पुढे नेलं. हातात माईक आला. सर म्हणाले, "ताई, घाबरू नका. फक्त सांगा, तुम्हाला नेमकं कशाचं भय वाटतं?"

समोर एवढी माणसं. तोंडातून मराठी गेली, मुंबईची गेली, पुस्तकातली गेली. माणसांसमोर उभं राहून मोठ्याने कसं बोलतात याचा एकच नमुना मी आयुष्यात बघितला होता. बाईमाणसाने गाऱ्हाणं घातलेलं मी कधी ऐकलेलं नाही. पण पार्ल्यात आमच्या गावचं कोण बघायला होतं?

मी डोळे मिटले आणि म्हणाले, "बा देवा म्हाराजा!"

आणि मागून, चहाच्या टेबलाकडून, खणखणीत आवाज आला, "व्हय म्हाराजा!"

मी डोळे उघडले. कँटीनवाला किटली खाली ठेवून, हात जोडून उभा होता. म्हणजे बघायला आमच्याकडचं माणूस होतंच.

आता मागे फिरता येईना. गाऱ्हाणं अर्धं सोडत नाहीत.

"आज ह्या पार्ल्यात जो काय मेळो जमलो हा, तेचा बरा कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता दोनचार पोरंही.

"भुताच्यो गजाली लिवन गेलल्या बाबा, तुझ्यो गजाली वायट नाय. पण माका तुझ्या भुताचा भय नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"एक गजाल सपता, तसा माझा काम सपत येता. पुस्तक पुरा झाला काय टीचर बोरिवलेक आणि मी रस्त्यार. तेचाच भय, म्हाराजा!"

या वेळी आवाज जरा कमी आला.

"तरी टीचरांच्या हातसून पुस्तक पुरा होऊं दे. तेंका येश दी. पण उगीच घाई करू नको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा हॉल. पुढच्या रांगेतली पिकली माणसंसुद्धा. नंतर जे हसू फुटलं ते थांबेना. सर उडी मारूनच पुढे आले. "अहो, हे तर जिवंत लोकसाहित्य! कुणी रेकॉर्ड केलं का? ताई, परत एकदा म्हणाल?"

मी टीचरकडे बघितलं. त्या हसत नव्हत्या. हातातल्या कागदांकडे बघत होत्या, जसं शेगडीवरून उतरवलेलं भांडं जळलंय की काय ते बघावं.

परत येताना रिक्षात मी पिशवीत काय काय भरायचं ते मनात लावत होते. साडी, डबा, गावाकडचा टॉवेल. मुलुंडच्या बाईंना फोन करावा का? त्यांची सासू तर गेली, पण सासरे अजून असतील.

गल्लीच्या तोंडाशी क्रूसापाशी रिक्षा थांबली. टीचरनी एक पाय खाली ठेवला आणि तिथेच थांबल्या.

"तू माझं शेवटचं प्रकरण खाल्लंस."

"चुकलं, टीचर. मी दुसरं घर बघते."

"कुठलं घर?"

"कुठलंही. तुम्ही बोरिवलीला जाणार ना."

"मग?"

"मग मी कशी..."

"तू कशी म्हणजे? तू काय इथे क्रूस राखत बसणार आहेस? तिथे पोळ्या कोण करणार? माझी लेक? तिच्या पोळीवर कुणीतरी प्रबंध लिहील. तुझी खाट टेम्पोत चढवायची म्हणून मी तिला मोठा टेम्पो सांगायला लावलाय, आणि ही रस्त्यार!"

"तुम्ही मला सांगितलंच नाही."

"तू आलीस त्या आठवड्यातच ठरलेलं होतं ते. सांगायचं काय त्यात?"

"मला नाही हो माहीत."

टीचरनी दुसरा पायही खाली ठेवला. मेलेल्या माणसाच्या पार्सल ऑफिसातली खुर्ची कुठल्या लाकडाची होती हे या बाई मला सांगायच्या. आणि हे एवढं एक वाक्य सांगायचं राहून गेलं होतं.

"सगळा उन्हाळा?" त्या हळू म्हणाल्या. "प्रत्येक गोष्टीला?"

"हो."

"आणि मी तिकडे..." त्यांनी पेन्सिल चालवल्यासारखी बोटं हवेत हलवली. मग त्यांना हसू आलं. असं आलं की क्रूसाच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. मी हसू की रडू ते मला कळेना, म्हणून दोन्ही केलं. रिक्षावाला म्हणाला, "माताजी, मीटर चालू है."

मुलीला त्यांनी त्या दिवशीच फोन केला. "रविवारचा टेम्पो नको गो. पुस्तक झालं नाही. ...नाही, झालं होतं. मोडलं. ...हो, हिनेच. ...अगं हाकलतेस काय, तिच्याशिवाय परत लिहू कशी?" मग बराच वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तिच्यासाठी पंखा लावून ठेव पण. गच्चीकडच्या खोलीत. ठरलेलं असलं तरी तिला फोनवर सांग, तिला सांगावं लागतं."

आणि फोन माझ्या कानाला लावला. ताईंनी सांगितलं. मी तीनदा सांगायला लावलं.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली. मसाला सगळा भरून झाला होता, म्हणून मी कुळीथ निवडायला घेतले. टीचर खुर्चीवर बसल्या आणि पुस्तक उघडलं. पुन्हा पहिली गोष्ट. भाड्याची खोली, एकटा माणूस.

मी ताट मांडीवर घेऊन ऐकत होते. उजवीकडे पानंच पानं होती, पण त्यांच्याकडे माझं लक्ष नव्हतं. भांड्यांचा आवाज आला. माणूस उठून गेला. कुणी नाही. रोज असंच. मग त्याला सवय झाली. आवाज आला की तो वर्तमानपत्रातून डोकंसुद्धा काढत नाही. मग एके दुपारी आवाज थांबतो, आणि तो आत जातो. त्याने अजून जेवायला घेतलेलंच नाही. भात झाकलेला. आमटी झाकलेली. आणि त्याचं ताट धुऊन, पुसून, पालथं घातलेलं.

"संपली," टीचर म्हणाल्या.

माझे हात कुळथात थांबले. हेच शेवटचं वाक्य मी आधी ऐकलं होतं. तेव्हा मला फक्त मिटलेल्या पुस्तकाचा आवाज ऐकू आला होता. या वेळी ते ताट दिसलं. एकच ताट, आणि ते धुऊन झालेलं. म्हणजे त्याचं जेवण... म्हणजे आता त्याला...

"आयशप्पथ," मी म्हणाले.

"काय?" टीचर पुढे वाकल्या.

"टीचर, त्याचं खाऊन झालंय. पुढचं, आयुष्यभराचं सगळं."

"कुठल्या शब्दाला वाटलं? नीट आठव. 'धुऊन' ला, की 'पालथं' ला?"

"मला काय माहीत! अंगावर काटा आलाय इथे, आणि तुम्ही शब्द विचारताय!"

"दाखव, काटा दाखव." त्यांनी माझा हात धरून उजेडाकडे नेला. भर दुपारी, लख्ख उन्हात. चष्मा वर सारून बघितलं. "आलाय गो! खराच आलाय!" आणि पेन्सिल शोधायला लागल्या. ती त्यांच्या अंबाड्यातच खोचलेली होती. मी सांगितलं नाही, कारण मला उठवत नव्हतं.

"निर्धास्त माणूसच घाबरू शकतं," त्या पुटपुटत होत्या. "आधी पोटातली भीती गेली पाहिजे, मग कागदावरची आत येते. अगं, हेच प्रकरण! हेच तर... कुठे गेली मेली पेन्सिल?"

"टीचर, आज आपण दोघी एकाच ताटात जेवलो तर चालेल? रात्री?"

"का?"

मी ओट्याकडे बोट दाखवलं. दुपारची भांडी मी घासून ठेवली होती. दोन ताटं, दोन्ही पालथी.

टीचरनी त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग विदुषीबाई उठल्या, गुडघा धरत ओट्यापाशी गेल्या, आणि दोन्ही ताटं उलटून उताणी केली.

"हं," त्या म्हणाल्या, "आता दुसरी गोष्ट."